सूनबाईंनी मागे सरत सरत मक्याचे रान राखिले, त्याची हकीकत

काळी माती साक्ष. मक्याच्या एक एकर मुलुखात तणांचे बंड कैसे मोडिले, हे कोणी तरी भीड न धरिता लिहावे, म्हणोन आम्ही लिहितो. तिखटमीठ लावणे आमचे स्वभावी नाही. लागले तर आपसूक लागले समजावे.

पूर्वस्थिती ऐसी, की दरसाल मका वीतभर होतो न होतो तों घोळ, रानमाठ, दुधाणी ही तणे जमीन फोडोन वर येत आणि मक्याचे खत मक्याआधी फस्त करीत, आणि मग अखंडखुरपेधारिणी सासूबाईसाहेब वीस वीस दिवस उकिडव्या बसोन एकट्या कत्तल उडवीत. तण हटे, परंतु गुडघे गेले. हाडांच्या डॉक्टरांनी साफ हुकूम केला, की यापुढे उकिडवे बसाल तर उठणे नाही. सासूबाईसाहेबांनी तो धुडकाविला, आणि आपल्यावाचून तण हलत नाही, यंदाही आपणच बसणार, ऐसे जाहीर केले.

मग सूनबाईंनी मसलत मांडिली, की गनीम जमिनीच्या पोटात असताच गाठावा आणि पेरणी होताच तणनाशक फवारावे. त्याजवर सासरे, राजमान्य राजश्री मामंजी, ज्यांनी उभ्या हयातीत खुरप्यास हात लाविला नाही परंतु दुसऱ्याच्या खुरपणीतील खोट काढण्यात ज्यांचा हात कोणी धरीत नसे, ते खो खो हसले, आणि बाटलीने तण मरते तर आजवरचे लोक काय येडे होते, ऐसा शेरा मारोन चहास बसले.

सूनबाईंनी बाटलीवरचे फर्मान अक्षर न अक्षर वाचिले. त्यात लिहिले, की पेरल्यापासून दोन दिवसांत, मातीत ओल आणि वारा पडलेला पाहोन फवारावे. फवारणाऱ्याने मागे मागे सरावे, फवारल्या भूमीवर पाऊल टाकू नये, टाकिल्यास औषधाचा थर मोडतो. मग पेरणीच्या दुसरे दिवशी सकाळी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा ऐसे चिलखत चढवोन, पाठीवर पंप घेऊन खासा स्वारी निघाली आणि रानाच्या टोकापासून मागे सरू लागली. इतर तवारिखांत फौज मागे सरली म्हणजे पळाली. आमच्या सेनापती पावलागणिक मुलूख जिंकीत मागे येत होत्या. पंप बारा वेळा भरिला, खांदे सोलले, आणि मग स्वारी स्नानास घरी गेली.

इकडे मामंजींना राहवेना. काम बरोबर झाले की नाही, हे पाहिल्याविना त्यांस अन्न गोड लागत नसे. ते चपला सरकवोन थेट ओल्या रानात शिरले, मधोमध कमरेवर हात ठेवोन उभे राहिले, काहीच दिसेना म्हणोन एक गोल चक्कर मारिली, आणि आले तैसे परतले. कोणी पाहिले नाही, ऐसे त्यांस वाटले.

पंचवीस दिवस गेले. सासूबाई खुरपे पाजळोन रानावर चालोन आल्या, मागे सूनबाई, आणि त्यांच्या मागे खोट काढण्यास मामंजी. पाहतात तों मका हातभर, आणि तण औषधालाही नाही! मात्र बांधापासून मधोमधपर्यंत घोळीची हिरवीगार पावले उगवली होती, डावे उजवे, डावे उजवे, मध्ये एक गोल चक्कर, आणि परत बांधापर्यंत. एवढा लांब आणि फेंगडा पाय घरात एकच.

सासूबाई हसोन हसोन बांधावर टेकल्या. मग आज्ञा केली, की ज्याची पावले त्याने उपटावी. मामंजींनी कंबर, ऊन, चक्कर ऐसे नाना बहाणे काढिले. एकही मंजूर जाहला नाही. मग ते उकिडवे बसले. दहाव्या पावलास हाय हाय करू लागले, आणि शेवटी उठवेना म्हणोन सूनबाईंनी हात दिला.

मामंजी बांधावर येऊन बराच वेळ गुडघे चोळीत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, “अगं, चाळीस वर्षं तू अशी बसायचीस?”

सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही इथेच तर उभे असायचात. रोज बघत होता की.”

येणेप्रमाणे रान राखिले, फत्ते सूनबाईंची जाहली. मामंजींचे दोन गुडघे जायबंदी, सासूबाईसाहेबांचे उरलेसुरले दोन्ही यंदा सलामत, हे नमूद केले असे.