पूर्ण पत्त्याचा कचरा

जिंतूरला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तुम्ही कचऱ्याची पिशवी टाकलीत, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तुमच्या घरी परत येते. आधी कडी दोनदा वाजते. दार उघडावं तर समोर मारोतराव. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि दोन्ही हातांत तुमचीच पिशवी, प्रसाद धरावा तशी धरलेली.

"तुमची अमानत," ते अदबीनं म्हणतात. "घ्या. आन हितं सही करा."

हो, सही! त्यासाठी वही आहे, वहीला सुतळीनं बांधलेला पेन आहे. तुम्ही दार लावून घेतलंत तर ते शांतपणे 'घेण्यास नकार' असं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन पुन्हा हजर. एक दिवसाचा शिळा कचरा दोन दिवसांचा झाला की काय होतं, ते मी सांगायला नको. गल्लीत कुणीही तिसऱ्यांदा नकार दिलेला नाही.

मारोतराव म्हणजे निवृत्त पोस्टमन. सगळी नोकरी चारठाण्याच्या बाजूच्या खेड्यांत, सायकलवर. बायको वारली, लेक नांदेडला दिलेली, घरात हे एकटे. निवृत्त झाल्यावर माणूस देवळात बसतो, नाहीतर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो. यांनी गल्लीचा कोपरा धरला. तिथं विजेच्या डीपीखाली सगळ्या गल्लीचा उकिरडा होता. घंटागाडी रोज यायची, गाणं वाजवून जायची, आणि ती वळली रे वळली की आमच्या आयाबाया पिशव्या घेऊन निघायच्या. का, ते विचारू नका. गाडी यायच्या वेळी म्हणे भाकरी तव्यावर असते.

"पण कचरा कुणाचा हे तुम्हाला कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "सर, आमच्या टायमाला लोकं अक्षर असं काढायचे की पाकीट उन्हात धरून वाचावं लागायचं. आता तर छापील हाय. नाव, गल्ली, खुणेची जागा, पिनकोड, मोबाईल नंबर. घरबसल्या माल मागवायचा आन खोका कोपऱ्यावर फेकायचा. पूर्ण पत्ता आसल्यावर माल पोचलाच पायजे."

हे ऐकून मी खूप हसलो. तेव्हा माझी पाळी यायची होती.

मला साखर आहे. म्हणजे रक्तात आहे. घरात आमच्या हिनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला आहे. सकाळी मेथीचं पाणी, दुपारी ज्वारीची भाकर, रात्री पुन्हा तीच. मी शाळामास्तर, दिवसभर पोरांपुढं घसा फोडायचा आणि घरी येऊन कारलं खायचं. एका संध्याकाळी शाळेतून येताना पाव किलो बालुशाही घेतली, मारुतीच्या पाराआड उभा राहून संपवली आणि रिकामा डबा पिशवीसकट कोपऱ्यावर भिरकावला. अक्कल गहाण पडली की काय होतं बघा. डबा ज्या पिशवीत होता त्याच पिशवीत माझा रक्ततपासणीचा कागद होता. वर ठळक अक्षरात माझं नाव.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत. सही हिनं केली.

मारोतरावांनी डबा, त्यातला चुरा आणि रिपोर्ट असं तिन्ही वेगवेगळं करून हिच्या हातात दिलं. वर म्हणाले, "ताई, मी काय वाचलं न्हाई. फकस्त नाव बघितलं." त्यानंतरचे आठ दिवस माझ्या घरात काय चाललं होतं ते मी कुणालाही सांगणार नाही.

असे दुखावलेले आम्ही बरेच होतो. एका रविवारी किराणा दुकानवाल्या अप्पांच्या ओट्यावर बैठक बसली, मारोतरावांनाही बोलावलं. अप्पा कपाळाला भस्माचे पट्टे लावणारे, देवभोळे आणि मवाळ माणूस. पण त्यांच्या दुकानाचा सगळा पुठ्ठा दोनदा परत आला होता.

"मारोतराव, हे काय बरं न्हाई," अप्पा म्हणाले. "लोकाची काही इज्जत आसती."

"मग इज्जत कोपऱ्यावर कामून फेकता?" मारोतरावांनी विचारलं.

अप्पा उठून वजनकाट्यामागं जाऊन बसले. बैठक तिथंच संपली.

आता गंमत बघा. आम्ही काही सुधारलो वगैरे नाही, आम्ही घाबरलो. बायका भाकरी तव्यावर टाकून घंटागाडीमागं धावायला लागल्या. ओला डबा, सुका डबा. खोक्यावरचे पत्ते फाडत बसण्यापेक्षा गाडीत टाकणं सोपं होतं. दोन-तीन महिन्यांत कोपरा असा लख्ख झाला की डीपीखाली खरोखर जमीन आहे हे पहिल्यांदाच दिसलं. अप्पांनी तिथं स्वखर्चानं दोन कुंड्या ठेवल्या. मग आम्ही मारोतरावांचा सत्कारही केला, शाल-श्रीफळ देऊन, त्याच कोपऱ्यावर. सगळे खूश. एकटे मारोतराव नारळ हातात घेऊन असे उभे, जसं काही बदलीचा हुकूमच मिळालाय.

मला वाटलं, मोठेपणा नको असेल. पण नंतर सुट्टीच्या दिवशी दूध आणायला निघालो तर साडेदहाच्या सुमाराला हा माणूस कोपऱ्यावर उकिडवा बसलेला. वही मांडीवर. कुंड्यांकडं बघत.

"काय करायलाव मारोतराव?"

"काय न्हाई सर. आज काहीच न्हाई."

"मग चांगलंच की! जिंकलात तुम्ही."

त्यांनी वही मिटली. मग सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाले, "सर, माझी सायकल गावात शिरली की लोकं दारात यायचे. माझं काही हाय का, माझं काही हाय का. कुणी पाणी द्यायचं, कुणी च्या. पत्र नसलं तरी बसा मनायचे. रिटायर झालो आन एका दिवसात सगळी दारं बंद झाली. कुणाच्या घरी उगंच कसं जावं? काय मनून जावं?" वहीवरून हात फिरवत म्हणाले, "कचरा तर कचरा. कडी तर वाजवता यायची."

गल्ली स्वच्छ व्हावी ही त्यांची खरीच इच्छा होती. तिच्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या. आणि ती पुरी झाली तशी त्यांची सगळी दारं पुन्हा लागली होती. आम्ही शाल देऊन मोकळे झालो होतो. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं होतं, बालुशाहीवरून एखादा टोमणा येईल. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या हातात एक कागदाची पिशवी दिली. वर माझं नाव आणि पत्ता, पिनकोडसकट.

"जा, कोपऱ्यावर टाकून या."

चाळीस पोरांना स्वच्छता शिकवणारा मी मास्तर, इकडंतिकडं बघत चोरासारखा निघालो. कोपऱ्यावर पोचतो तर शेजारच्या शेख भाभी कुंडीमागं वाकलेल्या. त्यांच्याही हातात पिशवी.

"सर, तुम बी?" भाभी दचकून म्हणाल्या.

"हो भाभी."

"क्या करूं? चाचा आते नई अब. घर सूना लगरा."

दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी साडेदहाला आमची कडी वाजली. मारोतराव आत न येता उंबऱ्याबाहेर उभे. कपाळाला आठ्या.

"सर, ह्याच्यात कचरा न्हाई."

"नाही? मग काय आहे?"

"कोरे कागद हायेत. आन घडी घातलेले. कचऱ्याची घडी कोन घालतंय?" त्यांचा आवाज चढला. "एवढ्या मेहनतीनं कोपरा साफ झाला आन मास्तर मानूस तिथं पिशवी टाकतोय! काही लाज? बोलवायचं व्हतं तर हाक मारायची व्हती."

"बरं, मग उद्या या अण्णा," आतून ही म्हणाली. "चुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला करते."

मारोतराव एकदम गोंधळले. "उद्या? उद्या काय काम हाय?"

"काम काही नाही. या नुसते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

सोमवारी मला शाळेत जायला उशीर झाला, झाला तर झाला. साडेदहाच्या ठोक्याला ते आले. हातात पिशवी नव्हती, वही नव्हती, काहीच नव्हतं. खुर्चीवर बसले आणि रिकामे हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना. गुडघ्यावर ठेवून बघितले, काखेत धरून बघितले. शेवटी हिनंच त्यांच्या हातात बशी दिली.