आईच्या हातचं गाळप

अंबरनाथच्या लॅबमधला फ्रिज ऐन वेळी आजारी पडला, म्हणून मनालीनं नाल्याच्या पाण्याची शेवटची बाटली हेंद्रेपाड्यात, आईच्या फ्रिजात ठेवली होती. शेवटचीच म्हणायची, कारण त्या नाल्यावर आता स्लॅब पडला होता. त्या पाण्यातल्या जंतूंच्या अख्ख्या वस्तीची प्रथिनं तिला तपासायची होती, तीही काचेच्या एवढ्याशा चकतीवर, केसासारख्या बारीक नळ्यांतून. नळ्या तीन महिने तुंबत होत्या. तिच्या गाईडनी, नरेंद्र सरांनी, निक्षून सांगितलं होतं, "परत तुंबलं, तर विषय बदल." म्हणजे दोन वर्षं पाण्यातच गेली की!

सकाळी तिनं लॅबमधून घरी फोन लावला. "आई, बाटलीतला गाळ वेगळा करून ठेव. मी दुपारी न्यायला येते."

आईनं, म्हणजे सुंदराबाईंनी, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अठरा वर्षं काढलेली. गाळ वेगळा करायला त्यांना कोण शिकवणार?

दुपारी मनालीच्या हातात आली ती नितळ पाण्याची बाटली.

"गाळ कुठाय?"

"कापडानं गाळून टाकला की मोरीत. काय वास सुटला होता बाई! वर दोन बादल्या ओतल्या."

"अगं आई, मला गाळच हवा होता! जंतू त्यात असतात!"

"मग नीट सांगायचं ना! गाळ कोण ठेवतं घरात?"

मनाली रडायलाच लागली. पोरीची दोन वर्षं आपण मोरीत ओतली, या विचारानं सुंदराबाईंनीही जेवणाचं ताट बाजूला सारलं.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मनालीनं ते पाणीच लॅबमध्ये नेलं. मशीनमध्ये गरगर फिरवलं, तर तळाशी पिवळट साय धरली. जंतूच की हो! ते कापडातून खुशाल निसटले होते आणि नळ्या तुंबवणारी माती तेवढी मोरीत गेली होती. जंतू फोडून तिनं थेंब चकतीवर सोडला. थेंब निमूट टोकापर्यंत वाहत गेला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "कशानं गाळलंस?"

"आमची घरची पद्धत आहे, सर."

"अस्सं? मग लॅबमधल्या या चौघांच्या बाटल्याही गाळून आण."

संध्याकाळी मनाली आईपुढे मांडी घालून बसली. घाईघाईनं कापड पिळायला गेली आणि हातावर फटका बसला.

"पिळतेस काय! घाण खाली उतरते. आपलं आपण टपटप पडू दे."

मनालीनं वहीत 'पद्धत' असं लिहून त्यापुढे आईचं पूर्ण नाव घातलं. "पण आई, किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा. तुझ्या जंतूंना कुठे ड्युटीवर जायचंय?"