कुडामागची राणी

"मालक, बेस्तरवारी सांजच्याले रेडिओ नागपूरवर लावा जी. माहं गानं हाये त्याच्यात," लटारू हात जोडून म्हणाला.

गुणवंतरावांनी नुसतं एक बोट वर केलं. त्यांच्या इंग्रजी बातम्या चालू होत्या. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती. गाव गेलं, जंगल गेलं, मोहफुलांतला हिस्सा गेला. मग सरकारने बोरटोल्याला एक रेडिओ पाठवला आणि गावात पक्की छपरी एकच असल्यामुळे तो गुणवंतरावांकडे आला. तेव्हापासून ते दोन्ही वेळा इंग्रजी बातम्या लावून, डोळे मिटून मान हलवत बसत. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नसे. पण कोणीतरी साहेब आपल्या छपरीत येऊन आपल्याशी बोलतो आहे एवढं कळत असे, आणि मालगुजारी गेलेल्या माणसाचं तेवढ्यावर भागत असे. गाणं मात्र त्यांना मनापासून आवडत नसे. कोणतंही.

"का मनलास?" बातम्या संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मी रेडिओत गातो जी."

"तू? अन् लोकाईनं का पाप केलं गा?"

लटारू हसला. त्याला हसणं भाग होतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की बोरटोल्यात रात्रभर दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं नाटक, व्हायची आणि गेली वीसेक वर्षं त्या दंडारीत राणी लटारूच होता. मिशी उतरवायची, बायकोचं, म्हणजे रुखमाबाईचं, ठेवणीतलं लुगडं नेसायचं आणि बारीक आवाजात रडत गायचं. म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. अलीकडे मात्र मंडळीत कुजबुज सुरू झाली होती. राणी आता राजाची आजी दिसते, असं कोणीतरी म्हणालं होतं आणि कोणीही नाही म्हणालं नव्हतं. पलीकडच्या आळीतल्या वारलूचा गळा कोवळा होता, आणि त्याला मिशीही नीट फुटली नव्हती.

अशा वेळी मार्कंड्याच्या जत्रेत नागपूर रेडिओच्या एका साहेबाने लटारूचं गाणं ऐकलं आणि त्याला नागपूरला बोलावलं. तिथे एका बंद खोलीत त्याचं गाणं यंत्राच्या पट्टीवर उतरवून घेतलं. गुरुवारी संध्याकाळी खेड्यांच्या कार्यक्रमात लागेल, असं सांगितलं. रेडिओत वाजलेल्या राणीला मंडईतून काढायची कोणाची छाती होती? पण त्यासाठी गावाने ते ऐकायला हवं होतं. सध्या गावाचं म्हणणं दुकानदार देवाजीने चौकात सांगून टाकलं होतं: "नागपूरले गेला, भजे खाल्ले, वापस आला. गानं कायचं अन् का!"

आता रेडिओ गुणवंतरावांच्या छपरीत असला तरी तो एकट्या गुणवंतरावांचा नव्हता. त्याची वरची तार ताणायला उंच झाड लागतं, ते शेजारच्या मनकर्णाबाईंच्या अंगणातलं मोहाचं झाड होतं. खालची तार जमिनीत पुरावी लागते, आणि त्या खड्ड्यात रोज पाणी ओतावं लागतं, तो खड्डा देवाजीच्या वाडीत होता. बॅटरी गुणवंतरावांच्या पेटीत कुलपात होती. तिघांपैकी एकाला जरी कार्यक्रम आवडला नाही, तरी रेडिओ बंद पडे.

मनकर्णाबाईंना कीर्तन आवडे आणि बातम्या सहन होत नसत. "बातम्या लागल्या का कोनीतरी मरतेच," असं म्हणून त्या झाडाची तार सोडून ठेवत. देवाजीला सिलोनची सिनेमाची गाणी लागत. कीर्तन सुरू झालं की तो खड्ड्यातून तार उपटून ती बैलाच्या खुंट्याला बांधत असे. गाणी सुरू झाली की गुणवंतराव पेटीचं कुलूप काढून बॅटरी झोपवत. या कारणाने बोरटोल्याचा रेडिओ दिवसातून जेमतेम पाव तास चालायचा. तो पाव तास गाव मोठ्या शांततेत ऐकायचं, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

लटारू तिघांच्याही दारी गेला.

"कीर्तन पुरतं लागू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "संताचं नाव अर्ध्यातच तोडते तो देवाजी. पुरतं कीर्तन आयकाले भेटलं का मंग बेस्तरवारी तुहं बी आयकतो, बापा. आपल्या कर्माले इलाज नाई."

"सिलोन," देवाजी म्हणाला. "एक दिवस पुरता सिलोन. मालकाले मनावं, बॅटरीले हात नोको लावू."

"दोन्ही टाईमच्या बातम्या," गुणवंतराव म्हणाले. "अन् मी मान हालवतो तवा कोनी हासाचं नाई."

लटारूने तिघांचंही कबूल केलं आणि एकाचं दुसऱ्याला पटवलं. सोमवारपासून बोरटोल्यात अभूतपूर्व ऐक्य नांदू लागलं. पहाटे भजन, मग इंग्रजी बातम्या, मग सिलोन, मग कीर्तन, पुन्हा बातम्या, पुन्हा सिलोन. कोणी तार सोडली नाही, कोणी उपटली नाही, कोणी कुलूप काढलं नाही. माणसं एकमेकांना या बसा म्हणू लागली. गाव इतकं गुण्यागोविंदाने यापूर्वी कधी वागलं नव्हतं आणि नंतरही वागलं नाही.

बॅटरी आजवर टिकली होती ती गावच्या भांडणामुळे, ही गोष्ट गुरुवारी सकाळी उघड झाली. गुणवंतरावांनी बातम्यांसाठी रेडिओचा कान पिळला, तर साहेबाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, आणि मग विहिरीतूनही येईना. नवी बॅटरी चांद्याहून यायची. ती सरकारच्या मनात येईल तेव्हा.

त्यांनी लटारूला आत बोलावून दार लावून घेतलं.

"मेला," ते म्हणाले.

"कोन जी?"

"रेडिओ."

"मालक, मी मेलो मंग. गाव मनल, लटारू लबाड. वारलूले लुगडं नेसवतीन."

"तुह्या लुगड्याचं सोड. रेडिओ बंद पडला समजलं तं देवाजी अर्ज करते. मनते, मालकानं सरकारचा माल बिगाडला, माह्या दुकानात ठेवा. पाह्यजेच होतं त्याले." गुणवंतरावांनी रेडिओमागच्या भिंतीकडे बघितलं. ती भिंत म्हणजे बांबूचा, मातीने लिंपलेला कूड होता आणि पलीकडे धानाची कोठी होती. कुडाला उंदरांनी एक चांगलं भोक पाडलेलं होतं. "लटारू, गानं तुह्या पोटात हायेच ना?"

"हाये जी."

"मंग बॅटरी कायले पाह्यजे?"

लटारूला आधी कळलं नाही, आणि कळल्यावर वाईट वाटलं. पण दंडारीत राक्षसाचा आवाज काढायला घासलेटचा पिपा तोंडाला लावायचा, हे त्यानेच लोकांना शिकवलं होतं. त्यामुळे हे होण्यासारखं नाही, असं त्याला म्हणता येईना.

"पन लोक मनतीन, लटारू कुठी गेला?"

"नागपूरले! तू इथी दिसला तं लोक इचारतीन, हा इथी बसला, मंग तिथी गाते कोन?"

लटारू तीन दिवस लोकांना तेच समजावत होता, की गाणं पट्टीवर घेतलेलं असतं. ते कोणालाच पटलं नव्हतं. तेव्हा तो थैली खांद्याला लावून, चार जणांना रामराम घालत मोटारीच्या रस्त्याने गेला आणि धानाच्या बांधाबांधाने वाकत परत आला. रुखमाबाईलाही त्याने काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलेली गोष्ट विहिरीवर जाते, असं त्याचं मत होतं. विहिरीवरची गोष्ट घरी येते, याचा त्याने विचार केला नव्हता.

संध्याकाळी छपरी भरून अंगणात माणसं बसली. गुणवंतरावांनी ऐटीत मेल्या रेडिओचा कान पिळला. कुडामागून पिप्यातून शुद्ध नागपुरी साहेबाचा आवाज आला: "आता बोरटोला येथील सुप्रसिद्ध कलावंत लटारू यांचं गायन ऐका."

"सुप्रसिद्ध!" कोणीतरी दचकून म्हणालं.

लटारू गायला. आयुष्यात गायला नव्हता तसा गायला. राजाने टाकलेली राणी रानात एकटी फिरते आणि हरणाला नवऱ्याचा पत्ता विचारते, ते गाणं. पहिल्या कडव्याला छपरी चिडीचूप होती. दुसऱ्या कडव्याला कुडाच्या भोकातून बोलणं ऐकू येऊ लागलं.

"आवाज तं त्याचाच हाये गा," देवाजी म्हणत होता. "पन भल्ला खरबरीत. पिप्यातून बोलल्यासारखा."

"मंडईत फुकट आयकतो आपन, अन् रेडिओत बी हेच?"

"रानी बुढी झाली, बापा."

आणि मग मागून, बायांच्या बाजूने, एक स्पष्ट आवाज आला: "बदलवा न जी!"

एकाने म्हटलं की दहा जण म्हणतात. "बदलवा, मालक, बदलवा!" गुणवंतरावांनी एकदा कुडाकडे पाहिलं. बदलवलं नाही तर संशय येणार होता. शिवाय गाणं त्यांनाही आवडत नव्हतं. त्यांनी कान पिळला.

राणी हरणासमोर तोंड उघडून तशीच उभी राहिली. लटारूला गप्प होणं भाग होतं.

"कायच नाई वाजत? खरखर बी नाई?" देवाजी पुढे सरकला. "मालक, बॅटरी तं नाई ना गेली?"

कुडामागे लटारूने अंधारात चाचपडत कोठीतलं मूठभर धान पिप्यात टाकलं आणि गरगर फिरवलं. झकास खरखर झाली. देवाजी मागे सरला. आता खरखरीनंतर काहीतरी लागायलाच हवं होतं. लटारूने घसा साफ केला आणि नाकातून कीर्तन सुरू केलं. मनकर्णाबाईंनी हात जोडले. थोड्या वेळाने पोरांची चुळबूळ झाली, कान पिळला गेला, धान फिरलं आणि एक तरुण बाई मोडक्या हिंदीत चांदण्याचं नि पाखराचं गाणं म्हणू लागली.

"नवी पिच्चर दिस्ते," देवाजी मांडीवर ताल धरत म्हणाला. "का गोड गळा हाये! अशी एक बाई मंडईत आनली पाह्यजे."

पुन्हा कान. पुन्हा धान. "धिस इज द न्यूज," पिपा गंभीरपणे म्हणाला. "मिनिस्टर दिल्ली. कमिटी लंडन. मिनिस्टर बॅक दिल्ली. व्हेरी हेवी मिनिस्टर." गुणवंतरावांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांचे डोळे मिटले आणि मान आपोआप हलू लागली. मागून बायांत कोणीतरी खुदकन हसलं.

असा रेडिओ बोरटोल्याने कधी ऐकला नव्हता. लटारू प्रत्येक खरखरीच्या वेळी थांबून कानोसा घेई. आता कोणीतरी म्हणेल, पुन्हा नागपूर लावा, राणीचं काय झालं बघू. कोणी म्हणालं नाही. शेवटी लोक जांभया देत उठले, आणि राणी रानातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लटारू थैली घेऊन मोटारीच्या रस्त्याने गावात आला. देवाजीने त्याला दुकानातून हाक मारली.

"आयकलं गा तुले. चूक झाली माही. तू खरंच रेडिओत गायला." एवढं बोलून त्याने पुडी बांधायला घेतली. "पन तुह्या मांगून जे लोक गायले ना! त्याईच्यापासून शिक जरासा. मंडळीनं ठरवलं, औंदा वारलूले नेसवाचं लुगडं. तू आता रेडिओचा मानूस. तुले मंडईची का गरज?"

लबाड ठरलो असतो तर बरं झालं असतं, असं लटारूला पहिल्यांदा वाटलं. लबाडाला निदान संशयाचा फायदा मिळतो.

वाटेत मनकर्णाबाई भेटल्या. "काकू, लोक सांगून राह्यले, बदलवा मनून तुमीच मनलं?"

"मी कायले मनू? मी तं तुह्या गान्यात डुलकी घेऊन राह्यली होती."

घरी रुखमाबाईने काही न विचारता भात वाढला.

"रुखमा, काल रेडिओ आयकलास?"

"आयकला."

"माहं गानं चालू होतं, तवा बायांतून कोनीतरी 'बदलवा' मनलं मनते."

"मीच मनलं."

लटारूने घास परत ताटात ठेवला.

"नागपूरले गेलेल्या मानसाच्या धोतराले आपल्याच बांधाचा चिखल कसा लागला, ते मी इचारलं नाई," रुखमाबाई म्हणाली. "मालकाच्या कोठीतला भुसा केसात कसा आला, ते बी नाई."

"मंग तुले मालूम होतं, मी मांगं होतो, तरी..?"

"सांजच्या आधीच इहिरीवर आयकलं, तुमी बांधानं वाकत वापस आले मनून. तरीच मनलं. मनकर्नाबाईच्या दारी तुमी गेले, तुमाले का आवडते मनून. देवाजीच्या दारी गेले. मालकाच्या पाया पडले. घरी इचारलं कधी?" तिने वरणाची पळी ताटात उपडी केली. "मले ते गानं आवडत नाई. पयल्या साली बी नाई आवडलं. राजानं टाकली तं बाईनं हरनाले कायले इचारत फिरावं? अन् लुगडं माहं."

दंडारीतल्या राणीला याचं उत्तर दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यालाही ते पाठ नव्हतं. खाली मान घालून तो जेवू लागला. रुखमाबाई चुलीशी जाऊन पाठमोरी बसली. बऱ्याच वेळाने तिचे खांदे हलताना दिसले. रडते आहे, असं वाटून त्याला जरा बरं वाटलं.

"अवो," ती न वळता म्हणाली, "ते मिनिस्टरचं होतं ना... ते सांगा न एकडाव."

लटारूने घास गिळला, पाण्याचा लोटा उचलून तोंडाशी धरला आणि सगळ्या गावाने 'बदलवा' म्हणून बंद पाडलेल्या, रागाने घोगऱ्या झालेल्या आवाजात लोट्यात बोलू लागला.

"धिस इज द न्यूज..."