पाहुण्याचा मान

"तपासणीआधी तीन तास पोटात काही नको," असं सिउला नर्स आठवडाभर गावात घरोघरी सांगत होती. लिव्हरमधली चरबी मोजायचं यंत्र एकाच दिवसासाठी बेटावर येणार होतं आणि चारच्या बोटीनं परत जाणार होतं. तोवर वीस माणसं तपासून झाली नाहीत, तर गाव संशोधनातून बाद. सिउलाचे वडील दारूचा थेंबही न घेता लिव्हरनं गेले होते. गाव बाद होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

सकाळी यंत्र घेऊन संशोधनाचे डॉक्टर हार्ग्रीव्ह बोटीतून उतरले, तर सभाघरात चटया अंथरलेल्या आणि वर भाजलेलं अख्खं डुक्कर.

"मातालेना मावशी, उपास सांगितला होता ना!" सिउला म्हणाली.

"मग उपाशीच आहोत की," महिला समितीच्या मातालेनाबाई म्हणाल्या. "हे पाहुण्यासाठी. त्यानं घास घेतल्याशिवाय इथं कोण खातंय?"

डॉक्टर सभ्य गृहस्थ. यजमानांना वाईट वाटायला नको म्हणून त्यांनी डुकराचा इवलासा तुकडा तोंडात टाकला. मानाचा घास झाला! वीस जणांनी डुकराचा फडशा पाडला.

"नऊ वाजलेत," सिउला कडाडली. "आता बारापर्यंत कुणी पाणी सोडून काही तोंडात घातलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

बारा वाजले. यंत्र सुरू झालं. पण खाटेवर कुणी आडवं होईना.

"पाहुण्याच्या आधी? शोभतं का?" मातालेनाबाई म्हणाल्या. "आधी त्यांना झोपव."

घड्याळाकडे बघत सिउलानं डॉक्टरांनाच आडवं केलं आणि बरगड्यांवर यंत्र टेकवलं. चरबीचा आकडा वर गेला तो गेलाच. मग मातालेनाबाई झोपल्या, त्यांच्यामागून सगळं गाव. साडेतीनला गावातला विसावा माणूस उठला, तरी डॉक्टरांचा आकडा कुणी गाठला नव्हता.

सिउलाला रडू आणि हसू एकदमच आलं. वीस पूर्ण!

तेवढ्यात दुसरं डुक्कर आलं. डॉक्टरांनी हात पुढे केला, तोच सिउलानं परात ओढून घेतली आणि त्यांच्यापुढे पपईच्या दोन फोडी ठेवल्या.

"अगं, पाहुण्याला हे?" मातालेनाबाई उसळल्या.

"त्यांचा आकडा बघितलात ना? पुढच्या तपासणीपर्यंत संशोधनासाठी दर महिन्याला येणार आहेत ते. दर वेळी हेच खातील." सिउलानं सगळ्या गावावरून नजर फिरवली. "आणि पाहुण्यानं जे घेतलं नाही, ते इथं कोण खातंय?"

मातालेनाबाईंनी डुकराकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि पपईकडे हात नेला.