बाकावरून न उठलेली मुलगी

सारजा काळेच्या माहितीपटातल्या लहान मुलीनं परीक्षेच्या आठवडाभर आधी काम करायला नकार दिला.

सारजा अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. स्वतःवर झालेल्या अन्यायावर छोटा माहितीपट करायचा, असा त्या वर्षीचा विषय होता. सारजानं आपला पाचवीचा वर्ग चित्रांतून काढला. वर्गात एका मुलाचं घड्याळ हरवतं. बाई विचारतात, "ती पारध्यांची पोर कुठंय?" आणि सगळ्यांसमोर तिचं दप्तर जमिनीवर उलटं करतात. घड्याळ निघत नाही. ते त्या मुलाच्या घरीच राहिलेलं असतं. सारजा त्यानंतर त्या शाळेत गेली नव्हती.

बाईंनी हाक मारली की लहान सारजानं उठून पुढं यायचं होतं. ती उठेना.

"तांत्रिक अडचण आहे का?" विभागप्रमुख तांबोळी सरांनी विचारलं.

"नाही सर. ती नको म्हणते."

सर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "काय तक्रार आहे, बाळ?"

"ही रोज मला पुढं पाठवती," मुलगी म्हणाली. "एकदा झालं तेवढं बास. मी आता अश्विनीजवळ बसणार."

"पण हा माहितीपट आहे. घडलं तेच दाखवावं लागतं."

"बसत होते की मी तिच्याजवळ. ते पण घडलंय."

सरांनी विचार केला. "मुद्दा बरोबर आहे," ते सारजाला म्हणाले. "पात्राच्या संमतीशिवाय आपल्याला पुढं जाता येणार नाही."

अश्विनी शेटे सारजाच्या बाकावर बसायची. सारजानं तिला पाठमोरी काढली होती, कारण तिचा चेहराच आठवत नव्हता. आश्रमशाळेत गेल्यावर सारजा प्रत्येक नव्या वर्गात आधी अश्विनीला शोधायची. पुढं हातात फोन आला, तेव्हा त्यातही शोधलं. अश्विनी शेटे पुष्कळ सापडल्या. त्यातली आपली कोणती, हे तिला ओळखता येईना.

"तिला तोंड काढ की," लहान मुलगी म्हणाली.

"मला आठवत नाही गं."

"मला आठवतंय. मी सांगते."

सारजा काढू लागली. मुलगी बाकावरून सांगत राहिली. "नाक एवढं मोठं नाय. पुढच्या दाताचा टवका उडालाय. हसायच्या आधी डोळे बारीक करती." सारजानं डोळे बारीक केले, तशी अश्विनी वळली आणि हसली.

सारजानं पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "अश्विनी, मी गेल्यावर तू माझी वाट बघितलीस?"

अश्विनीनं शेजारच्या मुलीकडं पाहिलं.

"ही अजून कुठं गेलीय?" ती म्हणाली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. माहितीपट सुरू झाला. पडद्यावरच्या बाईंनी हाक मारली. लहान मुलगी जागची हलली नाही. तेव्हा सारजा उठली, पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि पुढं काय झालं ते तिनं स्वतः सांगितलं. हे ती कुणाशी कधी बोलली नव्हती. दप्तरातून काय काय पडलं ते सांगताना 'भाकरी' हा शब्द अर्धाच निघाला. तिनं तो शब्द पुन्हा, नीट उच्चारला. मागं पडद्यावर त्या दोघी चिंचोके खेळत होत्या.

"मुलीला उठवलं असतं, तर परिणाम जास्त झाला असता," परीक्षक बाई म्हणाल्या.

"हो," सारजा म्हणाली. "झाला असता."

दिवे लागले. माहितीपट संपला होता, पण दोघींचा खेळ संपला नव्हता. त्याच हॉलमध्ये पुढं शिल्पकला विभागाची बैठक ठरलेली होती. तांबोळी सरांनी त्या विभागाला वरच्या मजल्यावरची खोली दिली आणि शिपायाला प्रोजेक्टर चालू ठेवायला सांगितलं. एकेक करत सगळे निघून गेले.

सारजा पहिल्या रांगेत बसून होती. अश्विनीनं तिच्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले आणि ती बाकाच्या टोकाला सरकली. लहान मुलगीही सरकली.

सारजानं पडद्याखाली चपला काढल्या आणि ती आत गेली.

नंतर झाडायला आलेल्या मावशींनी त्या चपला नीट जोडून ठेवल्या.