पालखीचा पुढचा खांदा

काळुरामचा पाय मिठागराच्या बांधावरून घसरला तो नडगी मोडूनच थांबला. पेणला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दीड महिना पाय टेकायचा नाही आणि जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काळुरामने मान डोलावली, पण त्याचं चित्त गावदेवीच्या पालखीत होतं. ती बारा दिवसांवर आली होती आणि तिचा पुढचा खांदा चार पिढ्या त्याच्या घराचा. घरचं कोणी उभं राहिलं नाही, तर मान चुलतभाऊ विठूकडे जाणार होता.

विठू रोज शहाळं घेऊन यायचा. "दादा, घाई नको करू. हाड हाय, सावकाश बसू दे," म्हणायचा. त्याच्या मायेने काळुरामला जास्तच ठणकायचं.

शेवटी काळुरामने तोड काढली. पालखीच्या दिवशी तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, चार गड्यांनी खुर्ची उचलली आणि दांडा त्याच्या खांद्यावर आला. पण गडी उंच, त्यामुळे काळुराम देवीच्याही वर गेला. नाकापेक्षा मोती जड, असं लोक बोलू लागले. खुर्ची खाली घेतली, तर पालखी कलली. दुसऱ्याच दारी अधू नजरेच्या धोंडुबाईने ओटी थेट काळुरामच्या मांडीवर ठेवली आणि नातवाला कंपनीत लावून दे म्हणून हात जोडले. म्हातारीला नाही कसं म्हणायचं? काळुराम "बघतो" म्हणाला.

पुढच्या दारी जनी रिवाजाप्रमाणे खांदेकऱ्यांचे पाय धुवायला कळशी घेऊन आली. पाणी बघताच काळुरामने मोडका पाय वर घेतला, खुर्ची हेलपाटली आणि दांडा खांद्यावरून सुटला. विठू पुढे झेपावलाच. पण त्याच्याआधी दांड्याखाली नमिता शिरली होती. काळुरामची ही एकुलती एक मुलगी रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करायची आणि पालखीसाठी रजा घेऊन आली होती.

"पोरीचा खांदा चालत नाय," विठू म्हणाला.

"का रं? आत देवी हाय का देव?" मागोमाग आलेल्या धोंडुबाईने विचारलं.

गर्दीत हशा पिकला. पालखी चालू लागली आणि तिच्यामागून काळुरामची खुर्ची.

काळुरामच्या दारात त्याची बायको सरू तांब्या घेऊन उभी होती. काळुरामने तो तिच्या हातून घेतला, पाय तसाच ताठ ठेवून खुर्चीतून वाकला आणि नमिताच्या पायांवर पाणी घातलं.

"बापानं पोरीचे पाय धुवायचे?" विठू पुटपुटला.

"मानकऱ्याचे धुतले," काळुराम म्हणाला. त्याचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि डोळेही.

पुढे दोन महिने लोक पाय कसा आहे विचारायला यायचे आणि नमिताच्या खांद्याची हकिकत ऐकून जायचे. विठूला ती चार वेळा ऐकावी लागली.