चाळीस पेट्या, प्रकार: इतर

माणसाची प्रगती तो एखादे काम किती लवकर उरकतो यावरून ठरत नाही. ते काम न करण्यासाठी त्याने केवढी व्यवस्था उभारली, यावरून ठरते. या कसोटीवर आमची आंबेखोल पंचक्रोशी फळबागायतदार सहकारी संस्था तालुक्यात पहिली आहे. (तालुक्यात अशी दुसरी संस्था नाही.) मी या संस्थेचा सचिव सदानंद. इतिवृत्त लिहिणे आणि सभेला चहा किती कप लागेल याचा अंदाज बांधणे ही माझी दोन कामे. चहाचा अंदाज अद्याप चुकलेला नाही.

आमच्या शेडमध्ये माल येतो तो दोन प्रकारचा: आंबा आणि काजू. पेटी काट्यावर ठेवायची, संगणकाने नोंद करून चिठ्ठी छापायची, चिठ्ठी पेटीवर चिकटवायची आणि चारच्या ट्रकने पेटी निर्यातीला जायची. चिठ्ठी नसेल तर ट्रकवाला पेटीला हात लावत नाही. दोन माल, दोन चिठ्ठ्या. आमच्या ओमकारने हे काम मनावर न घेता केले असते, तर दुपारच्या जेवणाआधी संपले असते. पण त्याने ते मनावर घेतले.

ओमकार हा आमच्या बाबलीचा मुलगा. पुण्यात तीन वर्षे इंजिनिअर होता, आता गावी ओटीवर बसून कंपनीचे काम करतो. त्याने समितीला सांगितले की एकच गोष्ट दोनदा लिहिणे हा बुद्धीचा अपमान आहे. हा अपमान टाळायला त्याला चौदा महिने लागले. या काळात त्याने एक 'लायब्ररी' तयार केली. (तिच्यात पुस्तके नसतात. आमच्या गावच्या वाचनालयातही नाहीत, त्यामुळे समितीला हे चटकन पटले.) या लायब्ररीत आंबा नाही, काजू नाही, एकच सर्वसमावेशक प्रकार आहे, त्याचे नाव 'काहीही'. त्यात कोकम भरा, फणस भरा, अध्यक्षांची सही भरा, डबा तोच. आत सध्या काय आहे हे बाहेरच्या पाटीवर लिहिलेले असते. पाटीला टॅग म्हणतात.

उद्या नवे फळ आले तर फक्त एक ओळ लिहायची. बाकीचे सगळे मॅक्रो लिहितो. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला मजकूर, जो यंत्राने वाचण्याआधी जागोजागी चिकटवला जातो. हे चिकटवण्याचे काम एका पूर्वप्रक्रियकाकडे असते. त्याला मजकुराचा अर्थ कळत नाही, कळण्याची अपेक्षाही नसते, आणि पुढे काही बिघडले तर त्याचे काम आधीच संपलेले असते. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढल्यामुळे हा भाग मला लगेच समजला. मॅक्रो लिहिताना कंसात पुन्हा कंस का घालावा लागतो, हे सुज्ञ वाचकाला वेगळे सांगायला नको.

लायब्ररीची आकडेवारी अभिमानास्पद आहे. मॅक्रोच्या ओळी दोन हजार एकशे चाळीस. माणसाला वाचता येतील अशा ओळी एकसष्ट, पैकी चाळीस ओळींत 'येथे हात लावू नये' एवढेच आहे. सोय बत्तीस प्रकारांची, उपलब्ध प्रकार दोन.

समितीच्या सभेत ओमकारने हे सारे पडद्यावर दाखवले. अकरापैकी अकरा सदस्यांनी मान हलवली. (दोघे थेट पंख्याखाली बसले होते, त्यांची मते तरीही धरली.) हाताने चिठ्ठी लिहिण्यास कायमची बंदी, हा ठराव क्रमांक सात त्याच सभेत झाला. मागच्या बाकावर बाबली होता. तो समितीवर नाही, म्हणून त्याला मत नाही, म्हणून तो बोलला.

"झिलान केलेला आसा, म्हणजे बराच आसतला," तो म्हणाला. "पण पेटीत आंबे आसत ह्या माका वासार कळता. यंत्राक कित्याक इचारूचा?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो. इतिवृत्तात मी 'एका सभासदाने शंका विचारली, तिचे निरसन झाले' असे लिहिले. निरसन कोणी केले ते आठवत नाही.

ओमकार इंजिनिअरिंगला गेला त्या वर्षी बाबलीने कातळावर सुरुंग लावून, माती आणून हापूसची कलमे लावली होती. यंदा नवव्या वर्षी पहिला भरघोस बहर आला आणि चाळीस पेट्या भरल्या. लायब्ररीच्या लोकार्पणाचा मान याच पेट्यांना द्यायचा असे ठरले. पाहुण्यांना वेळ नसल्याने तारीख दोनदा पुढे गेली. बाबलीने आंबे पहिल्या तारखेच्या हिशेबाने उतरवले होते. ते काही दुसरी तारीख विचारून पिकत नव्हते.

शेवटी एप्रिलच्या एका मंगळवारी मांडव पडला. सकाळी अध्यक्ष गुरुप्रसादभाईंच्या लक्षात आले की लायब्ररीच्या कर्त्याचा सत्कार करायला हवा. सत्कार म्हणजे शाल आणि नारळ. आणि शेडमध्ये येणारी प्रत्येक वस्तू काट्यावरून, संगणकात नोंदूनच आत यावी, हा ठराव क्रमांक आठ.

"एकच ओळ तर लिहायची आहे," गुरुप्रसादभाई म्हणाले. ओमकारने एक ओळ लिहिली: सत्कार, त्यात शाल, नारळ. पण फळांच्या यादीत नारळ त्याने चौदा महिन्यांपूर्वीच घालून ठेवला होता, पुढेमागे कोणी आणला तर असावा म्हणून. पूर्वप्रक्रियकाने दोन्ही नारळ निष्ठेने जागोजागी चिकटवले. एकच नारळ दोनदा जन्माला आलेला पाहून यंत्राने काम थांबवले आणि तक्रार छापली. तक्रार चार हजार तीनशे बारा ओळींची होती. तिच्यात नारळाचे नाव कुठेच नव्हते.

भाषणे वेळेवर झाली. सत्कारही झाला. (शाल-नारळ नोंदीविना मागच्या दाराने आणले.) दोन वाजता ओमकार खांद्यावरच्या शालीसकट संगणकाला भिडला. वर पत्रा तापला होता. बाबली पेट्यांपाशी उभा होता, एकेक फळी उचकटून आत हात घालून बघत होता.

"झिला, आंबो थांबाचो नाय रे."

"बाबा, धा मिन्टां. चूक खंय आसा ती गावली काय झाला."

"चूक खंय आसा ती माका दिसता. खांद्यार शाल घेवन बसली हा."

जुनी आवृत्ती परत लावावी, अशी सूचना आली. पण जुन्या आवृत्तीत सत्काराची नोंद होत नव्हती, आणि सत्कार तर होऊन गेला होता. सूचना फेटाळली. मग बाबलीने खडू घेतला आणि चाळीसही पेट्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिले: आंबो. ट्रकवाल्याने ते वाचले, त्याला समजलेही. पण खडू चालत नाही म्हणाला आणि चारला निघून गेला.

गुरुवारी सकाळी चूक सापडली. तोवर आंब्यांनी मॅक्रोची वाट न पाहता स्वतःचा प्रकार दोनदा बदलला होता: निर्यातीचे बाजाराचे झाले, बाजाराचे रसाचे. लायब्ररी मात्र आता निर्दोष चालत होती. नरम फळाला आंबा म्हणायची सोय तिच्यात नसल्याने तिने चाळीस स्वच्छ चिठ्ठ्या छापल्या: 'प्रकार: इतर'. समितीने टाळ्या वाजवल्या. बाबलीने एक चिठ्ठी घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. नऊ वर्षांत त्याच्या बागेविषयी छापून आलेला तो पहिला कागद होता. मला शरम वाटली. ती नोंदवायला इतिवृत्तात रकाना नाही.

दुपारी बाबलीची बायको शेवंती टेम्पो घेऊन आली. तिने पेटी उघडली, वास घेतला आणि चार वाजायच्या आत चाळीस पेट्यांचे तीन ढीग केले: खायचे, साटांचे (म्हणजे आंबापोळीचे), गुरांचे. टॅग विचारला नाही. यंदा त्यांच्या अंगणात बारा सुपे साटां वाळत आहेत. समितीने या पद्धतीची दखल घेतली असून तिच्यावरून लायब्ररीची दुसरी आवृत्ती करण्याचे काम ओमकारकडे सोपवले आहे. अंदाजे कालावधी चौदा महिने.

हे इतिवृत्त आपल्यापुढे वाचून कायम करण्यासाठी ठेवले आहे. एक खुलासा राहिला. कंसात पुन्हा कंस का घालावा लागतो हे सुज्ञ वाचकाला सांगायला नको, असे मी वर लिहिले. ते मला ठाऊक नाही, समितीत कोणालाच नव्हते. आपण त्या वाक्याशी थांबून 'का?' असे विचारले नाहीत. मान हलवून पुढे आलात. तेव्हा बाबलीचे आंबे अजून झाडावर होते.

आपल्या मतासह अनुकूल मते बारा नोंदवली आहेत.